माळ्यावरचा स्टिरिओ आणि उतरलेली पट्टी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आज मी तुमच्याशी जुन्या स्टिरिओ यंत्रांबद्दल बोलणार आहे. रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर ही मंडळी एकेकाळी दिवाणखान्यात मानानं बसायची. त्यांच्यावर आईनं विणलेला रुमाल असायचा आणि मुलांनी हात लावला तर पाठीत धपाटा मिळायचा. मग कॅसेट आली, सीडी आली, मोबाइल आला. तशी ही मंडळी आधी कोपऱ्यात गेली, मग पलंगाखाली, आणि शेवटी माळ्यावर.

अलीकडे पुष्कळ घरांतून ती पुन्हा खाली उतरू लागली आहेत. नातू विचारतो, ‘आजोबा, हे वाजतं का हो?’ आजोबांना हुरूप येतो. धूळ पुसली जाते, वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाते आणि खटका दाबला जातो. नेमका इथंच घोटाळा होतो. कधी धूर निघतो, कधी नुसती घूंऽऽ अशी घरघर येते, कधी काहीच होत नाही. मग ‘गेलं बिचारं’ असं म्हणून यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतं. खरं तर ते गेलेलं नसतं. त्याला विचारायला हवा असलेला पहिला प्रश्न आपण विचारलेला नसतो. तो प्रश्न म्हणजे, ‘बाबा रे, तुझा जन्म कधीचा आणि कुठला?’

हा प्रश्न न विचारल्यामुळे आमच्या घरात काय झालं, ते आधी सांगतो.

१९७८ साली माझे काका अमेरिकेहून सुट्टीवर पुण्याला आले. त्यांनी तिकडे नवा रेकॉर्ड प्लेअर घेतला होता, म्हणून आपला आधीचा प्लेअर ते बॅगेत कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून घेऊन आले. ‘दादा, आता तुझ्या रेकॉर्डी यावर ऐक,’ असं म्हणून त्यांनी तो बाबांपुढे ठेवला. बाबा सरकारी नोकरीत होते. पगार बेताचा, पण गाण्याचं वेड मोठं. प्लेअरच्या खाली पत्र्याच्या पट्टीवर १२० व्होल्ट असं लिहिलेलं होतं. आपल्याकडे तर २३० व्होल्ट. म्हणून बाबांनी बुधवार पेठेतून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर करवून घेतला. तो तयार होईपर्यंत काका परत गेले होते.

एका रविवारी सगळे जमलो. बाबांनी त्यांची सर्वांत आवडती तबकडी लावली. गाणं सुरू झालं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. आवाज जड, ओढलेला, झोपेतून उठल्यासारखा. गाणाऱ्या बाईंचा गळा पुरुषासारखा येत होता. आई स्वयंपाकघरातून आली, तिनं पेटी काढली, दोन-तीन स्वर दाबून पाहिले आणि म्हणाली, ‘अहो, या बाई काळी चारला गातात. इथे पांढरी चार लागतेय. पट्टी तीन स्वरांनी उतरलीय.’ बाबा चिडले होते. ‘तुझी पेटी ठेव बाजूला,’ म्हणाले. पुढे त्यांनी दोन-तीन कारागिरांना प्लेअर दाखवला. कुणी तेल घातलं, कुणी बेल्ट बदलला. फरक शून्य. शेवटी बाबांनी काकांना पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य असं होतं, की वापरून झिजलेली वस्तू द्यायची तर तसं सांगून द्यावी. काकांना ते लागलं. हळूहळू पत्रं दिवाळीपुरती उरली, पुढे तीही थांबली. प्लेअर माळ्यावर गेला.

त्या प्लेअरला खरोखर काय झालं होतं, हे मला कळायला तीसपेक्षा जास्त वर्षं लागली. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी आपल्याला या यंत्रांच्या इतिहासातून जावं लागेल.

दोन कानांची गोष्ट

स्टिरिओचा जन्म दुकानात नव्हे, प्रयोगशाळेत झाला. इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीत अ‍ॅलन ब्लूमलाइन नावाचा तरुण इंजिनिअर होता. असं सांगतात, की पत्नीबरोबर बोलपट पाहताना त्याच्या मनात आलं, पडद्यावरचा नट या टोकाकडून त्या टोकाला चालत जातो, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागेहून येतो. हे बदलायला हवं. डिसेंबर १९३१मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर डावा आणि उजवा असे दोन आवाज कोरण्याची कल्पना त्यात होती. १९३४ साली लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्यानं तसं ध्वनिमुद्रणही करून पाहिलं. पण कंपनीला त्यात धंदा दिसला नाही. पुढे युद्ध आलं. ब्लूमलाइन रडारच्या कामाला लागला आणि ७ जून १९४२ रोजी चाचणीवरचं विमान कोसळून त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ३८. त्याची दोन भिंतींची खाच बाजारात आली ती १९५७-५८च्या सुमारास, त्याच्या पश्चात पंधरा वर्षांनी.

ही नुसती हळहळण्याची गोष्ट नाही. हौशी माणसाला पहिला धडा इथंच मिळतो. साध्या, म्हणजे मोनो तबकडीत सुई फक्त आडवी हलते. स्टिरिओ तबकडीत ती आडवी हलते तशी वर-खालीही हलते. जुन्या जड प्लेअरची ताठ सुई स्टिरिओ तबकडीवर ठेवली, की ती खाच नांगरून काढते. तसंच ७८च्या तबकडीला जाड टोकाची, साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, तर स्टिरिओ एलपीला १८ मायक्रॉनच्या आसपासची. आजोबांच्या तबकड्या नातवाच्या हौसेपायी खराब व्हायला नको असतील, तर पहिला खर्च सुईवर करा. अ‍ॅम्प्लिफायरचं नंतर बघता येईल.

तापणारे दिवे आणि मेणाचे कंडेन्सर

तबकडीवरच्या बारीक थरथरीतून स्पीकर हलवायचा, तर ताकद वाढवणारं यंत्र हवं. सुरुवातीला हे काम व्हॉल्व्ह करत. काचेच्या नळीत तापणारी तार आणि तिच्याभोवती पत्रे, अशी त्यांची रचना. १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी एका अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापला. ताकद १५ वॅट, पण आवाज इतका स्वच्छ, की जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. १९५३ साली पीटर वॉकर यांचा ‘क्वाड टू’ आला. तोही १५ वॅटचाच. अमेरिकेत हीथकिट आणि डायनाको या कंपन्यांनी तर सुट्या भागांचे संचच विकले. खोकं आणा, सूचना वाचा, सोल्डर करा, गाणं ऐका. यंत्र दुरुस्त करणं, सुधारणं ही हौस आजची नाही. ज्या पिढीनं हाय-फाय जन्माला घातलं, तिनं ते स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. आपल्याकडेही बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६०च्या दशकात व्हॉल्व्ह बनवले. जुन्या साठ्यातले ते व्हॉल्व्ह हौशी मंडळी अजून शोधत असतात.

या काळातल्या यंत्रांचा आजार ठरलेला आहे. लोक आधी व्हॉल्व्ह बदलायला धावतात, पण दोषी बहुतेकदा कंडेन्सर असतो. त्या काळी कागद आणि मेण यांचे कंडेन्सर असत. वर्षानुवर्षं ते हवेतली ओल पितात आणि गळू लागतात. वीज गळून पुढच्या व्हॉल्व्हवर जाते, तो गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो, लाल होतो, आणि त्याच्यामागचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सरला मोजके रुपये लागतात. तो ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा मिळत नाही. म्हणून व्हॉल्व्हचं यंत्र सापडलं, की मेणाचे कंडेन्सर बदलल्याशिवाय ते चालू करू नये. आणि हेही ध्यानात ठेवा, की आत ३००-४०० व्होल्ट असतात. खटका बंद केल्यावरही ते काही वेळ तिथंच दबा धरून बसलेले असतात.

ट्रान्झिस्टरला फुटलेले केस

डिसेंबर १९४७मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. १९६०च्या दशकात तो घराघरांत शिरला. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. उष्णतेला फार नाजूक. पुढे सिलिकॉनचे आले आणि ते टिकाऊ ठरले. त्या दशकातल्या रेडिओसह येणाऱ्या स्टिरिओंत एक गंमतशीर रोग आढळतो. एएफ-११४ ते एएफ-११७ या मालिकेच्या ट्रान्झिस्टरांच्या डबीत, आतल्या बाजूनं, कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात. ते आतल्या भागांना टेकले, की रेडिओ मुका. ट्रान्झिस्टर जळलेला नसतो, त्याला आतून केस फुटलेले असतात! त्याच्या चार पायांपैकी डबीला जोडलेला पाय कापला, की पुष्कळदा रेडिओ पुन्हा बोलू लागतो. हे ज्याला ठाऊक नसतं, तो सगळा रेडिओ मोडीत काढतो.

वॅटांची लढाई

१९७०च्या दशकात जपानी कंपन्या मैदानात उतरल्या. चकचकीत धातूचा दर्शनी भाग, निळा-हिरवा उजेड, जड बटणं. अमेरिकेत तेव्हा वॅटांचे आकडे इतके फुगवून सांगितले जाऊ लागले, की १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला. ताकद सांगायची तर दोन्ही बाजू एकदम चालवून, ठरलेल्या भारावर, सातत्यानं मिळणारी सांगा. आकड्यांना शिस्त लागली, पण स्पर्धा थांबली नाही. १९७८ साली पायोनियरनं ‘एसएक्स-१९८०’ आणला. एका बाजूला २७० वॅट, आणि तेही नियमात बसणारे. त्यानंतर वीस वर्षांनी आपल्याकडे हजार वॅट ‘पीएमपीओ’ लिहिलेले प्लास्टिकचे डेक मिळायचे, ते आठवतात? त्या पीएमपीओला कुठलंही मान्य प्रमाण नव्हतं. खरी ताकद काही थोड्या वॅटांची असायची. तेव्हा क्वाडच्या १५ वॅटना कमी लेखू नका.

ही जपानी यंत्रं आपल्या घरांत आली ती आखातातून परतणाऱ्यांच्या, बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या सामानातून. त्यांचे आजार वेगळे. मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात, मग घरघर येते. स्पीकर जोडणाऱ्या रिलेचे टोक काळे पडतात, मग एक बाजू मधूनच बंद होते. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर होते. काही यंत्रांत तर भाग हलू नयेत म्हणून वापरलेला गोंदच कालांतरानं काळा पडून तारा खाऊ लागतो. यातला एकही आजार मरणाचा नाही.

स्पीकरचंही तसंच. १९५४ साली एडगर विल्चर या अमेरिकन संशोधकानं बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून छोट्या खोक्यातून खोल आवाज काढून दाखवला. तेव्हापासून कपाटाएवढे स्पीकर घरातून हलले. मात्र १९७०च्या दशकात अनेक कंपन्यांनी स्पीकरच्या कागदी शंकूभोवती फोमचं कडं वापरलं. फोमला ओल सोसत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर बोट लावलं की त्याचा भुगा होतो. लोक म्हणतात, स्पीकर फाटला. फाटलेलं असतं ते फक्त कडं. जुनं खरवडून, नीट माप घेऊन नवं चिकटवलं, की तोच स्पीकर पुन्हा गातो.

पहिलं पाऊल

आता तुम्ही विचाराल, आम्ही सुरुवात कशी करावी? मी सुरुवात कशी करू नये हे अनुभवानं शिकलो आहे, तेच आधी सांगतो.

नोकरीतून थोडी सवड मिळू लागल्यावर मी जुन्या बाजारातून एक अ‍ॅम्प्लिफायर घेतला. तो वाजत होता, थोडी खरखर होती इतकंच. पण मला ‘सुधारणा’ करायची होती. एका रात्रीत चाळीसेक कंडेन्सर बदलले. सकाळी खटका दाबला, फटाका वाजावा तसा आवाज झाला, खोलीभर धूर. दोन कंडेन्सर मी उलटे बसवले होते. त्यांच्यापायी आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले. आणि सगळं एकदम बदलल्यामुळे चूक नेमकी कुठं आहे, हे शोधायला तीन महिने लागले. वाजत असलेलं यंत्र मी सुधारता सुधारता बंद पाडलं होतं.

त्यानंतर मी काही नियम पाळतो. पहिला, जुनं यंत्र थेट भिंतीत खुपसायचं नाही. आधी मागची पट्टी वाचायची, झाकण उघडायचं, जळका वास, फुगलेले कंडेन्सर, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली चांदी किंवा तार दिसते का ते बघायचं. दुसरा, सिरीज बोर्ड. आपल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांचं हे जुनं शस्त्र. यंत्राच्या वाटेत शंभर वॅटचा तारेचा दिवा जोडायचा, एलईडी चालत नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. यंत्राऐवजी दिवा पेटतो, एवढं साधं तत्त्व. तिसरा, कुठंही हात घालण्याआधी वायर भिंतीतून काढायची, मोठे कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे करायचे आणि मीटरनं खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडणं ही मर्दुमकी नव्हे. ज्यांना मीटर धरायची सवय नाही त्यांनी व्हॉल्व्हच्या यंत्रापासून सुरुवात करूच नये. रेकॉर्ड प्लेअर किंवा स्पीकर यांच्यावर हात बसू द्यावा.

चौथा, प्रत्येक पायरीवर फोटो काढायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाचवा, आधी स्वच्छता. खरखरणारी बटणं आणि खटके कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुतले, की यंत्राच्या निम्म्या कुरबुरी तिथंच थांबतात. गंजलेल्या बिजागऱ्यांवर मारायचं तेल मात्र तिथं मारू नका. सहावा, दुरुस्तीनंतर स्पीकर जोडण्याआधी, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा. ते काही मिलिव्होल्टच असायला हवं. ते व्होल्टांत असेल, तर चांगला स्पीकर एका क्षणात जळेल. पहिल्यांदा नेहमी स्वस्तातला स्पीकरच जोडावा.

आणि सुधारणा? ती करावी, पण दुरुस्तीनंतर, आणि यंत्राचा स्वभाव ओळखून. ८५ अंशांच्या जागी १०५ अंशांचे कंडेन्सर घालणं चांगलं. तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. तीन पिनांची वायर, योग्य फ्यूज, चांगली सुई या खऱ्या सुधारणा. पण ‘मोठं ते चांगलं’ म्हणून दुप्पट-तिप्पट आकाराचे कंडेन्सर बसवले, तर चालू करतानाचा विजेचा लोंढा जुन्या रेक्टिफायरला झेपत नाही. बाजारात नकली ट्रान्झिस्टरही पुष्कळ आहेत. आणि काढलेले जुने भाग फेकू नका. एका पाकिटात घालून, वर तारीख लिहून, यंत्राच्या आतच ठेवा. तुमच्यानंतर कुणी तरी ते यंत्र उघडणार आहे.

पट्टीवरचा दुसरा आकडा

हातात थोडं धैर्य आल्यावर २०१२ साली मी माळ्यावरचं ते खोकं खाली काढलं. बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

रेकॉर्ड प्लेअरचेही तीन काळ आहेत. १९५४ साली आलेल्या इंग्लंडच्या गॅरार्ड ३०१सारख्या यंत्रात मोटर रबरी चाकाच्या आधारानं थाळी फिरवते. ते चाक कडक झालं की घरघर. नंतर बेल्टवाले आले. विल्चर यांच्याच कंपनीनं १९६१ साली साधा, स्वस्त, शांत बेल्टवाला प्लेअर काढला आणि त्याचं अनुकरण सर्वत्र झालं. १९७० साली जपानमध्ये टेक्निक्सनं थाळीच्या थेट खाली मोटर बसवली. १९७२ साली आलेला त्यांचा एसएल-१२०० पुढे जगभर गाजला. २०१० साली त्याचं उत्पादन बंद झालं आणि २०१६ साली लोकांच्या मागणीनं पुन्हा सुरू झालं.

आमचा प्लेअर मधल्या काळातला, बेल्टवाला. मी तो उलटा केला, पट्टीवरची धूळ पुसली. १२० व्होल्ट. आणि त्याच्या पुढे, त्याच अक्षरांत, ६० हर्ट्झ.

त्या काळच्या पुष्कळ प्लेअरांची मोटर विजेच्या तालावर चालते. वीज सेकंदाला जितक्या वेळा दिशा पालटते, त्या हिशेबानं मोटरचा वेग ठरतो. आणि हा ताल सगळीकडे सारखा नाही. १८९०च्या दशकाच्या आगेमागे अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीनं ६०चा ताल धरला, जर्मनीत एईजी कंपनीनं ५०चा. युरोप ५०वर गेला, ब्रिटननंही देशभराचं जाळं ५०वरच बांधलं आणि त्याच वळणानं आपणही. जपानची तर गंमतच आहे. टोकियोनं यंत्रं जर्मनीहून आणली आणि ओसाकानं अमेरिकेहून, म्हणून त्या एका देशात आजही पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, ताल बदलत नाही. बाबांनी १२० वाचलं होतं. पुढचे ६० कुणीच वाचले नव्हते.

६०साठी घडवलेली मोटर ५०वर चालली, की वेग सहापैकी पाच हिस्से उरतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी २७.८ फेऱ्या घेते. आणि वेग तेवढा उतरला, की सूर किती उतरतो? पेटीवर जवळजवळ बरोबर तीन पट्ट्या. काळी चारची पांढरी चार. आईनं १९७८ साली उभ्या उभ्या जे मोजलं होतं, तेच. मीटर, तेल, बेल्ट घेऊन आलेल्या सगळ्यांपेक्षा तिचा कान पुढे होता. आम्ही ऐकलं नाही.

इलाज सोपा होता. मोटरच्या टोकाला पितळेची छोटी पुली असते. ती एक पंचमांशानं मोठी हवी होती. लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरनं बेल्टची जाडी हिशेबात धरून अर्ध्या तासात ती करून दिली. कागदावर १८० रेघांची चकती छापून थाळीवर ठेवली. आपल्या ५०च्या विजेवर साध्या दिव्याच्या उजेडात त्या रेघा स्थिर दिसल्या, म्हणजे वेग ३३⅓. रेघा हलेनाशा झाल्या. प्लेअर झिजलेला नव्हता. त्यात कधीच कुठलाही दोष नव्हता.

आईला आणून खुर्चीवर बसवलं. बाबांची ती तबकडी लावली. तिनं पेटी मागितली, एक स्वर धरला आणि म्हणाली, ‘हं. काळी चार.’ मग गाणं संपेपर्यंत काही बोलली नाही.

त्या रात्री मी काकांना अमेरिकेत फोन केला. त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मी इंजिनिअर आहे रे. दादाचं पत्र आलं तेव्हा माझ्याही डोक्यात हे यायला हवं होतं. पण मला राग आला होता.’ पुढच्या हिवाळ्यात ते आले. दोघं, वहिनी आणि दीर, प्लेअरसमोर बसून बाबांच्या रेकॉर्डी ऐकत राहिले.

तुमच्याही माळ्यावर असं एखादं खोकं असेल, तर ते भंगारात देण्याआधी एकदा खाली काढा. त्यातलं प्रत्येक यंत्र वाजेलच असं नाही. पण वायर भिंतीत घालण्याआधी मागची पट्टी वाचा, आणि ती शेवटपर्यंत वाचा. घरात कुणी म्हटलं, की यात सूर चुकतोय, तर त्यांनाही जरा विचारा, नेमका कितीनं चुकतोय.